मोतीराम चहा हुंगून पितो

बागेतलं घर, ता. वरूड
१० फेब्रुवारी

तीर्थस्वरूप सौ. पार्बताताईस,

धाकट्या गोवर्धनचा नमस्कार, तोही दोन्ही हात जोडून. पत्रात दिसत नसले तरी जोडले आहेत. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींची साखर आटोक्यात आहे ना? अकोल्याला नळ आता किती दिवसांआड येतो? इकडे मी आणि रुख्मिणी बरे आहोत. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. (नंबर बदललास की मुद्दाम उचलत नाहीस, हे पाहायला मी रुख्मिणीच्या फोनवरून लावला होता. तो पहिल्याच घंटीला उचललास. मग मी तुझं ‘हॅलो’ ऐकून ठेवून दिला.) पाकिटाला डिंक लावून वर तीन टाचण्या मारल्या आहेत. दोनच दिसल्या तर मध्ये कोणीतरी वाचलं असं समज.

पत्राचं कारण तुझा शेखर. अकरा वर्षांपूर्वी आमच्या वर्षालीच्या साखरपुड्यात, भरल्या पंगतीत, मी काय बोललो त्याबद्दल या पत्रात एक अक्षर लिहिणार नाही. तू अर्ध्या ताटावरून उठलीस आणि तेव्हापासून माहेरी पाय ठेवला नाहीस, एवढं साऱ्या गावाला माहीत आहे आणि तेवढं पुरे. मी फक्त शेखरबद्दल लिहिणार आहे, कारण त्यानं माझ्याविरुद्ध मोठा डाव रचला आणि त्यात तुझा हात आहे की नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

त्याच्यावर माझं लक्ष पहिल्यापासून आहे. अमरावतीला इंजिनिअरिंग सोडून एकांकिका करत होता, तेव्हा मी शेवटच्या रांगेत तोंडाला मफलर गुंडाळून बसलो होतो. (त्याला बक्षीस मिळालं. एक परीक्षक त्याच्याकडे पाहून हसला होता, तेव्हाच मला काय ते समजलं.) मग मुंबईला गेला आणि पहिल्या मालिकेत प्रेत झाला. मी टीव्हीला नाक लावून पाहिलं; चांगला श्वास घेत होता. पुढची चार वर्षं हवालदार. वाक्य एकच, ‘साहेब, बॉडी सापडली.’ बॉडी रोज सापडायची, खुनी काही सापडला नाही, यावरून त्या खात्याचा कारभार लक्षात घे. मग खलनायक झाला, वहिनीचं घर बळकावणारा, तर वरूडच्या बाजारात भाजीवाल्या बाया माझ्याकडे वाकड्या नजरेनं पाहू लागल्या. मग म्हणे दिग्दर्शक झाला. नट निदान दिसतो तरी. दिग्दर्शक दिसतही नाही, मग तो कामावर जातो की नाही हे घरच्यांना कळावं कसं? आणि आता तर निर्माता. ज्याला दुसरा कोणी कामाला ठेवत नाही, तो स्वतःच स्वतःला ठेवून घेतो, त्याला निर्माता म्हणत असावेत. (त्याचा एकही भाग मी चुकवला नाही. तो कुठं घसरतो ते पाहायचं होतं म्हणून.)

तर असा हा शेखर डिसेंबरात दारात उभा राहिला. खाली वाकून पाया पडला. इतकं वाकणारा माणूस काहीतरी मागायला येतो, आणि त्यानं मागितलंच: सिनेमासाठी आठ दिवस आपली बाग. सगळ्या वरूड तालुक्यात जिकडे पाहावं तिकडे संत्रं आहे, मग आपलीच बाग का? म्हणे, लहानपणी इथं खेळलो. मी गोष्ट विचारली. एक बहीण, एक भाऊ, त्यांचं बोलणं बंद. भावाचं नाव मोतीराम. हा मोतीराम मोटरपंपाच्या पेटीला तीन कुलपं लावतो, उन्हाळ्यातही मफलर सोडत नाही आणि बायकोनं केलेला चहासुद्धा आधी हुंगून पितो. मी रुख्मिणीला विचारलं, असा माणूस आपल्या तालुक्यात कोण असेल? ती माझ्यासमोर चहा ठेवून आत गेली. मी कपातला चहा हुंगला, पिऊन टाकला आणि बाग द्यायला हो म्हटलं, कारण शत्रू डोळ्यांसमोर असलेला बरा.

पंचवीस माणसं आली. तेव्हा बागेला ताण दिलेला होता. तुला हे सांगायला नको, पण तुझ्या दिग्दर्शकाला सांगावं लागलं, की आंबिया बहारासाठी झाडाचं पाणी तोडायचं, पानं मलूल होऊ द्यायची, आणि मग वेळ आली की पाणी सोडायचं, म्हणजे झाड फुलावर येतं. त्यानं मान डोलावली. (मान डोलावणाऱ्यांवर माझा कधीच विश्वास नव्हता.) त्याची सहायक दीपमाला, कॅमेऱ्यापुढे पाटी वाजवणारी, चांगली पोरगी, पण पानं पाहून तिचे डोळे भरून आले. काका, झाडं आजारी आहेत, म्हणाली. मी म्हटलं, आजारी नाहीत, उपाशी ठेवली आहेत. तेव्हापासून ती माझ्याशी बेतानंच बोलू लागली.

माझा संशय मात्र वेगळा होता. शेडमध्ये शेवटच्या तोडीची बत्तीस कॅरेट संत्री होती आणि पंचवीस तोंडं होती. म्हणून तिसऱ्या दिवशी मी वरूडला जातो असं सांगून निघालो आणि मागच्या बांधावरून येऊन शेडमध्ये कॅरेटांच्या मागे लपून बसलो. चार तास बसलो. एकानंही संत्र्याला हात लावला नाही, याचंच मला जास्त नवल वाटलं. तेवढ्यात बागेच्या पल्याडच्या टोकाकडून पावसाचा आवाज आला. डिसेंबरात. पळत जाऊन पाहतो तर दोन टँकर उभे, उंच पाइपातून पाऊस पडतोय आणि चाळीस झाडांच्या बुडाशी चिखल झालाय. मोटरीला तीन कुलपं लावणाऱ्या माणसाला पाणी बाहेरून येईल हे सुचलंच नाही. शेखर म्हणाला, मामा, गोष्टीत पाऊस आहे. मी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. चाळीस झाडांचा ताण मोडला.

सातव्या दिवशी त्याच चिखलात मोतीराम झालेला मुंबईचा नट, स्वप्निल, घसरला. पाय मुरगळला. (पडला तेव्हा डावा पाय धरला होता, मोटारीत चढताना उजव्यानं लंगडत होता. मी नीट पाहिलंय.) तो नागपूरकडे रवाना झाला आणि शेखर माझ्यासमोर हात जोडून उभा, मामा, एकच सीन राहिलाय, तुम्हीच उभे राहा. कपडे बदलायची गरज पडली नाही. मफलरही माझाच चालला. यावरून डाव किती दिवसांपासून शिजत होता, ते तूच ठरव.

सीन असा. मोतीराम बहिणीच्या दारात जातो आणि म्हणतो, ‘ताई, चुकलं माझं. घरी चाल.’ बस, एवढंच. बहीण झालेली बाई आदल्या दिवशीच निघून गेली होती, म्हणून समोर लोखंडी दांडी रोवली आणि तिला पिवळी पट्टी बांधली. तिच्याकडे पाहून म्हणायचं. पहिल्या खेपेला माझ्या तोंडून निघालं, ताई, माझं काही चुकलं नाही. सवयीनं. दुसऱ्यांदा ‘ताई’ म्हटलं आणि पुढचं आठवेना. पाचव्यांदा मी विचारलं की मोतीरामचं नक्की काय चुकलं ते आधी कागदावर दाखवा. अकराव्यांदा खोकला आला. दीपमालेची पाटी वाजून वाजून तिचा हात दुखला. एकविसाव्या खेपेनंतर शेखरनं सगळ्यांना चहाला पाठवलं आणि माझ्याशेजारी येऊन बसला.

“मामा, कॅमेरा बंद करून म्हनता काय?” त्यानं हळूच विचारलं.

“बंद करून म्हनलं तं आयकनार कोन?” मी म्हटलं. “जिले म्हनाचं हाय, थे तं अकोल्याले हाय.”

त्यानं चष्मा काढला. डोळे पुसत होता की चष्मा, ते मला कळलं नाही. खलनायकाचं काम केलेल्या पोराचा भरवसा काय धरायचा.

त्या पंगतीतलं लिहिणार नाही म्हणालो होतो. पण आता लिहायला घेतलंच आहे तर लिहितो. ‘ह्या तोंडाले रंग लावनाऱ्या पोराले घेऊन माह्या दारात येऊ नोको,’ असं मी दीडशे माणसांसमोर तुला म्हटलं. तुझ्या ताटात पुरणपोळी होती, एकच घास मोडलेला. ते ताट मीच उचललं होतं, हे तुला कोणी सांगितलं नसेल. त्या पोरानं इथं आठ दिवस मान मोडून काम केलं, स्वतः उन्हात उभं राहून माझ्यासाठी सावलीत खुर्ची टाकली, आणि एकदाही त्या दिवसाचा विषय काढला नाही. मला याचा फार त्रास झाला.

तर मुद्दा हा की सीन राहिला आहे. समोर दांडी असली की मला जमत नाही, हे सिद्ध झालेलं आहे. तेव्हा शेखरच्या कामासाठी तू येत्या शनिवारी इकडे यावंस. सकाळच्या गाडीनं अमरावतीला ये, तिथून वरूडची गाडी मिळेल. स्टँडवर मी असेन. माझा यात काही हेतू नाही. पोराचा सिनेमा अडकला आहे, एवढंच.

भाऊजींना नमस्कार सांग आणि त्यांनाही आण.

तुझा धाकटा भाऊ,
गोवर्धन

ता. क. बाकीच्या बागेला जानेवारीत पाणी सोडलं. परवापासून फूल आलंय, घरात बसून वास येतो. त्या चाळीस झाडांना मात्र फूल नाही, नुसती हिरवी पालवी फुटली आहे. यंदा त्यांना फळ नाही. सावली दाट आहे, खाली बाज टाकून ठेवली आहे.

दुसरा ता. क. ताण किती दिवस द्यायचा हे बाबांनी माझ्याआधी तुला शिकवलं होतं. जास्त झाला तर झाड वाळतं, हेही त्यांनीच सांगितलं होतं.

तिसरा ता. क. वर एक गोष्ट खोटी लिहिली. शेखरनं तो सीन जाताना काढून टाकला, मामा, त्याच्यावाचून चालेल म्हणाला. त्याची माणसं कॅमेऱ्यासकट जानेवारीच्या पाच तारखेलाच मुंबईला गेली. इथं पाहायला आता कोणी नाही. तरी शनिवारी ये.