हळदीच्या मांडवातले चार बांबू

प्रिय रूपेश,

तू गेल्यापासून मनातल्या मनात तुला खूप शिव्या घातल्या. कागदावर आज पहिल्यांदाच लिहितेय, कारण उद्या पनवेलला पोलिसांपुढे माझा जबाब आहे. सासऱ्यांविरुद्ध बोलणार की त्यांच्या बाजूनं, एवढंच घरातला प्रत्येक जण विचारतोय.

काल आपट्याला तुझी शोकसभा झाली. माझे सासरे माईकवर आले, डोळे पुसले आणि म्हणाले, "आमचा रूपेश वीर व्हता. पन सटवीनं लिवलेलं कोनाला चुकलंय? पान्यातच त्याचं मरान व्हतं." लोकांनी माना डोलावल्या! ज्या माणसानं रेतीसाठी अख्खी नदी पोखरली, तो तुझं मरण सटवीच्या माथी मारत होता. आणि मी पहिल्या रांगेत डोक्यावर पदर घेऊन बसले होते.

सटवीचं म्हणशील तर तुझ्या पाचवीला, रात्री येऊन ती तुझं नशीब लिहील म्हणून, आईनं पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवलं होतं. मी तेव्हा सात वर्षांची. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून तो कागद उलटापालटा करून पाहिला. एक अक्षर नव्हतं रे! आईला सांगितलं, तर तिनं पाठीत धपाटा घातला.

खारघरचा तो कॉलेजातला मुलगा नदीत रेती उपसून झालेल्या खड्ड्यात घसरला, तेव्हा तू काठावर होतास. आधी घड्याळ काढलंस, त्याच्या मित्राच्या हातात दिलंस आणि म्हणालास, "सांबाल, नवा हाय." मग उडी मारलीस. तो मित्रच घड्याळ घेऊन घरी आला होता, त्यानंच सांगितलं. नशिबानं ओढून नेलेला माणूस घड्याळ काढून देतो का? त्या खड्ड्याची रेती ढासळते, हे गावात तुझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तरी गेलास. त्याला वर ढकललंस आणि स्वतः आत राहिलास. ते तू ठरवलं होतंस, आणि ते मी तुझ्याकडून कोणाला हिसकावू देणार नाही.

पण माझा विचार एकदा तरी आला का तुझ्या मनात? आईचा?

आता जे लिहायचं टाळत होते ते. खड्डा कुठं आहे ते परक्या माणसाला कळावं म्हणून तू नदीत बांबू रोवायचास, टोकाला लाल फडकं बांधून. माझ्या दिराच्या हळदीला पाहुणे वाढले, मांडव वाढवला, बांबू कमी पडले. सासरे म्हणाले, "नदीतलं चार उपटून आना. हळद झाली का परत लावू." आपल्याकडे हळद म्हटली की दुसरं काही कोणाला दिसतं का!

दुपारी तू आलास आणि मांडवात शिरताच थांबलास. एका बांबूवर फडक्याची गाठ तशीच होती. "ताय, ये माजं बांबू हायेत. आताच नेऊन लावतो."

मी तुझा हात धरला. म्हटलं, "आज नको रं. उभ्या मांडवाचा बांबू काडला तर अपशकुन म्हनतील, आनि नाव माजं येल. उद्या लाव." जन्मात कधी माझं ऐकलं नाहीस, मग त्याच दिवशी का ऐकलंस? बांबू तसेच ठेवून गेलास, संध्याकाळी माझ्याबरोबर नाचलासही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुलं सहलीला आली.

बांबू सासऱ्यांनी उपटायला लावले आणि मी ते तिथंच राहू दिले. सटवीला त्या हळदीचं आमंत्रणसुद्धा नव्हतं.

आता सासरे म्हणतात, नदीत बांबू कधी नव्हतेच असं सांग. नवरा म्हणतो, "तो गेला, आता आपलं घर तरी राहू दे." करंजाड्याचा हा फ्लॅट त्याच्या बाबांच्या नावावर आहे, याची आठवणही करून दिली त्यानं. आणि वेशीवर तुझ्या नावाची कमान बांधणार आहेत म्हणे, खाली सासऱ्यांचं नाव देऊन. थू!

खरं सांगू? न्यायबिय मला कळत नाही, मला सूड हवाय. त्यांचा धंदा बसलेला बघायचाय. काल माना डोलावणारं गाव त्यांना बघून रस्ता बदलताना बघायचंय. वाईट आहे ना मी? असू दे.

उद्या सगळं सांगेन. बांबू कोणी उपटायला लावले ते, आणि परत लावू दिले नाहीत ती कोण, तेही. स्वतःला वगळलं तर त्यांना बोलायची माझी लायकी काय? घर जाईल, नवराही कदाचित जाईल. सासरे कपाळावर हात मारून म्हणतील, "माज्या नशिबी असली सून!"

तेव्हा पदर न सावरता, त्यांच्या डोळ्यांत बघून मी काय बोलणार आहे, तो शब्द आजच तुला देते: "नशीबबिशीब काय नाय, बाबा. हे मी ठरवून केलंय."

तुझं ऐकायला हवं होतं ती,
ताय