मी बसले ती आवळी

कार्तिक शु. सप्तमी, शके १८६४. नांदेड.

दुपारी गिरजा येऊन गेली. नवमीला आवळीभोजन. अर्धापूरच्या वाटेवरच्या रानात. तिची सुमी तापातून उठली तर रानात आवळीखाली बायकांना जेवू घालीन असं ती बोलली होती, ते फेडायचं. मलाही चल म्हणाली. मी म्हटलं, सासूला विचारलंस का? पदराचं टोक चाळवू लागली. म्हणजे विचारलंय.

शेवटी सांगितलं. आत्याबाई, म्हणजे तिची सासू, म्हणाल्या, येऊ दे, पण पूजा होईस्तोवर लांब बसावं. हे गेल्यापासून त्यांच्या घरी मी मागच्या दारानंच जाते. रानाला मागचं दार नाही, म्हणून ही सोय काढली.

जावं का? तहशिलीच्या कामानं हे त्या बाजूला जात. तुला एकदा ते रान दाखवीन म्हणायचे. राहिलं.

अष्टमी.

जाणार. गि.ला कळवलं.

जवसाची चटणी कुटली. आत्याबाई खातील, न खातील. मी तर खाईन.

नवमी, दिवेलागणीला.

सकाळी छकड्यातून निघालो. गि., आत्याबाई, शेजारची सखू, मी. सुमीला अशक्तपणा, तिला घरीच ठेवलं. सखू वाटभर बोलत होती. केळीची पानं मांडीवर धरून बसायचं, एवढंच काम माझ्याकडं.

जंगलाच्या चौकीवर शिपायानं विचारलं, किती जणी? आत्याबाई म्हणाल्या, तीन बायका, आन् ही.

रान लहानच. एका अंगाला ओढा. दरवर्षी गुरुजी आवळी दाखवतात, यंदा ते औशाला लेकीकडं. आत्याबाई म्हणाल्या, मला ठाऊक हाय की झाड. बारीक पानांचं एक झाड, खाली सपाट जागा, बुंध्याशी शेंदराचा दगड. तिथं सतरंजी पडली. मला ओढ्याकडच्या झाडाखाली बस म्हणाल्या. बसले.

बुंध्याला सूत गुंडाळलं, हळदकुंकू वाहिलं. सखूचं ऐकू आलं, आवळा एकपण कसा न्हाई वर? आत्याबाई म्हणाल्या, "वानरं लई माजलीत. खाल्ले असतील."

टेकायला हात मागं केला तर हाताखाली गोल लागलं. आवळा. वर पाहिलं. फांदीफांदीला लगडलेले.

हे एकदा डहाळी घेऊन आले होते. म्हणाले, पानं चिंचेगत दिसतात, पण फळ बघ कसं फांदीला चिकटून येतं, बघून ठेव. कोनाड्यात वाळेपर्यंत ठेवली होती मी. थोडा वेळ वरचं काही दिसेना.

बोलावं का? पूजेत माझा आवाज म्हणजे अपशकुन. न बोलावं तर गि.नं सुमीसाठी बोललेलं भलत्याच झाडाला जातंय.

पदरात आवळे घेतले, जाऊन सतरंजीच्या कडेला ठेवले. म्हटलं, "गिरजे, आवळी तिकडं हाय. मी बसले ती."

सखूनं पदर तोंडात कोंबला. आत्याबाई आवळ्यांकडं बघत राहिल्या, मग वर त्या झाडाकडं. मी परत येऊन माझ्या जागी बसले. सगळ्या मागोमाग आल्या. आत्याबाई म्हणाल्या,

"आता सरक तिथनं. पूजा मांडायची हाय."

आणि गि. बोलली. सासूपुढं जिची मान वर होत नाही ती.

"ती सरकणार न्हाई, आत्याबाई. झाड तिनं दाखवलं. माझ्या लेकीचं हाय हे, मी सांगते. ती हितंच बसंल."

मी सरकले नाही.

सूत संपलेलं. पहिल्या झाडाचं सोडून आणायचं तर गाठ कुणाला सुटेना. मी सोडवली. आत्याबाईंनी पाहिलं आणि तोंड तिकडं केलं. कहाणी वाचायला गुरुजी नाहीत. गि.नं पोथी माझ्यापुढं ठेवली. किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवरची अक्षरं लावून लावून शिकलेलं हे वाचणं, आजवर घरात, मनातल्या मनात. आज आवळीखाली, मोठ्यानं. एकदाही अडखळले नाही.

पान ओळीतच मांडलं माझं. चटणी आत्याबाईंनी दोनदा घेतली.

दशमी.

अंग आंबलंय. सखूनं वानरांची गोष्ट गल्लीभर केली. विहिरीवर दोघीतिघींनी विचारलं. मी दोर ओढत राहिले. घागर घेऊन येताना मान मात्र ताठ होती, हे माझं मलाच कळत होतं.

ऐकायला हे असायला हवे होते. त्यातला एक आवळा आणलाय. कोनाड्यात ठेवला. तिकडं बघून सांगितलं सगळं.

एकादशी.

उपास. गि. आली नाही. घरात तिला काय ऐकावं लागत असेल.

त्रयोदशी.

गि. आली, सुमीला घेऊन. सुमी आता दोन भाकरी खाते म्हणे. घरचं विचारलं तर म्हणाली, आत्याबाई दोन दिवस बोलल्या न्हाईत, लई बरं वाटलं. हसलो दोघी.

पौर्णिमा.

सखू निरोप घेऊन आली. आत्याबाईंनी सांगितलंय, संध्याकाळी पोथी वाचायला ये. चार जणी येणार आहेत.

कुठल्या दारानं, ते बोलल्या का?

सखू म्हणाली, "ते काय न्हाई बोलल्या. तूच ठरीव की."

धुतलेलं लुगडं नेसले आहे. पुढच्या दाराशी जाऊन कडी वाजवणार. उघडायला कोण येतं, बघू.