अण्णाचं इंजिन, माझी स्पोर्ट्स कार

१५ जून २०२५, रविवार
अण्णा आणि वहिनी दोन महिन्यांसाठी लेकीकडे, पुण्याला गेले. एकच घर, एकच आंगण, त्यामुळे निघताना अण्णाने मोटरसायकलची किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाला, रोज पाच मिनिटं स्टार्ट कर, इंजिन जाम व्हायला नको. बाकी कशाला हात लावू नको. मी एक्कावन्न वर्षांचा घोडा. हात लावू नको म्हणे!
संकल्प: स्पोर्ट्स कार घरीच बनवायची. पाइपांची चौकट, दोन सीटा, वजन चारशे किलोच्या आत. फक्त इंजिन मिळायचंय.

१९ जून
इंजिन मिळालं. अण्णाचं. इंजिन चालू राहावं, एवढीच त्याची इच्छा. राहील की. दुसऱ्या गाडीत.
अपर्णाने कपाळावर हात मारला. बायकोला यातलं काही कळत नाही. मी निदान व्हिडिओ बघितलेत.

६ जुलै, सकाळी ११
देवास गेटहून ओंकार वेल्डर आला. अडचण: मोटरसायकलच्या इंजिनाचा धूर पुढच्या बाजूने निघतो. इंजिन सीटच्या मागे, म्हणजे धूर माझ्या पाठीत. उपाय मीच काढला. अख्खं इंजिन फिरवायचं, तोंड मागे. सायलेन्सर सरळ मागे, एकदम फॉरेन लुक. ओंकार म्हणाला, भिया, सोच लो, उल्टा बैठ रिया हे. म्हटलं, तू वेल्डिंग कर, दिमाग मत लगा.
फुकट अक्कल वाटणारे गल्लोगल्ली.

१७ ऑगस्ट
अण्णा परत आला. मोटरसायकलच्या सांगाड्यासमोर बॅग हातात धरूनच उभा राहिला. शिव्या दिल्या असत्या तर माझी उत्तरं तोंडपाठ होती. हा एक शब्द बोलला नाही. मुद्दाम. लहानपणापासून असाच लबाड.

२४ ऑगस्ट
अबोला चालू. मला काडीचा फरक पडत नाही. आज तीनदा समोरून गेला, माझ्याकडे बघितलं नाही.
वहिनीमार्फत निरोप: दसऱ्याला मोटरसायकल जशी होती तशी दारात पूजेला उभी पाहिजे. नाहीतर वाटण्या. आंगणात भिंत.
धमक्या कुणाला देतो? दसऱ्याला त्याला माझ्या कारमधून राम घाटापर्यंत फिरवून आणीन. भिंतीचं नाव काढणार नाही.

१३ सप्टेंबर
अपर्णा म्हणते, पितृपक्षात नवीन काम नको. नवीन कुठाय? इंजिन जुनंच आहे. तिने जेवताना भाजी वाढली नाही.

२८ सप्टेंबर
मागची चाकं विटांवर उचलून ट्रायल. काय भिंगरी फिरली! अण्णा त्याच्या ओट्यावरून टक लावून बघत होता. मग हसला. सहा आठवड्यांत पहिल्यांदा. विरघळतोय.

२ ऑक्टोबर, दसरा, दुपारी ४
कारला झेंडूची माळ. पंडितजींनी पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवली. अर्धी गल्ली जमली. बाजूच्या भय्यासाहेबांनी विचारलं, चलेगी क्या? त्यांना पेढा दिला नाही. अपर्णाकरवी अण्णाला निरोप धाडला, शेजारची सीट त्याचीच आहे. तो चक्क पायरी उतरून आला.
पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. गाडी मागे गेली. वाटलं, गिअर चुकला. दुसरा टाकला. जास्त जोरात मागे गेली. मागे मोटरसायकलचा सांगाडा होता. दुमडून चिमटा झाला त्याचा.
पंडितजी म्हणाले, लिंबं साबूत आहेत, परत चालतील.
अण्णा पायरी चढून आत गेला.

३ ऑक्टोबर
शांतपणे विचार केला. अपयश नाही हे. इंजिनाचं तोंड मागे, म्हणून चाकंही मागे, एवढंच. मोटरसायकलच्या इंजिनाला रिव्हर्स नसतो, ही सगळ्या जगाची रडकथा. माझ्याकडे पाच आहेत. उरला प्रश्न फक्त पुढे जायचा.
अण्णाकडे जाऊन माफी मागावी, असं अपर्णाचं म्हणणं. मी का? बोलणं त्याने बंद केलं. त्यानेच सुरू करावं.

५ ऑक्टोबर, सकाळी ८
विटा आल्या. गवंडी म्हणाला, गाडी हटाओ, दीवार यहीं से जाएगी. मागे जायला जागा नाही आणि पुढे ती जात नाही. ओंकार फोन उचलत नाही. अपर्णाने धक्का द्यायला साफ नकार दिला.
शेवटी मीच हाक मारली. अण्णा, जरा धक्का दे.
लगेच आला. शर्टाच्या बाह्या वर केल्या, मागून जोर लावला. मी स्टिअरिंग धरलं. गाडी पहिल्यांदा पुढे गेली. मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. म्हटलं, आता बोलेल. निदान गधड्या तरी म्हणेल.
गाडी फाटकाजवळ लागल्यावर त्याने हात झटकले आणि मधली जागा पूर्ण मोकळी झाली का, ते वाकून बघितलं. मग गवंड्याला म्हणाला, हाँ, अब बाँध लो.