दुखवट्याचा दोरा

लायांगचं गाव, सारावाक
४ जून २०२५

ती. आईंना,
सा. न. वि. वि.

संक्रांतीनंतर तुम्हाला एकही पत्र नाही, याची क्षमा करा. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही हे ठाऊक असूनही मी फोनच करत राहिले. लिहायला बसलं की ऋषिकेशबद्दल लिहावं लागतं.

कॉलेजच्या सुट्टीत फिरायला जाते, एवढंच सांगून निघाले. तो जिथे नोकरीला होता आणि जिथे वारला, त्या मुलखात मी आले आहे. लायांग हा त्याच्या कारखान्यातला मित्र. सुट्टी असली की ऋषिकेश याच्या गावी यायचा. गाव म्हणजे खांबांवर उभं असलेलं एकच लांबलचक घर. वीसेक बिऱ्हाडं, दारं वेगळी, ओटी मात्र सगळ्यांची एक. भात घरात आलं की एक जूनला यांचा मोठा सण असतो, गवाई. सगळे चर्चला जाणारे, पण हा सण कुणी सोडत नाही. बांबूत शिजवलेला चिकट भात, भाताचीच दारू, पितळी थाळ्यांसारखी मोठी वाद्यं. ऋषिकेशनं यांना आपल्यासारखं रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळून राब भाजायला शिकवण्याचा घाट घातला होता म्हणे. डोंगरउतारावर काठीनं भोकं पाडून बी टाकणारी ही माणसं त्यावरून अजून हसतात.

यांच्यात माणूस गेलं की घरचे दुखवट्याचं गाठोडं बांधतात. दोरा कापून ते सोडेपर्यंत त्या बिऱ्हाडानं सण करायचा नाही. ऋषिकेश यांच्या नात्याचा ना गोत्याचा, तरी लायांगच्या आईनं त्याच्यासाठी गाठोडं बांधलं. दोरा त्याच्याच माणसानं कापावा म्हणून दोन सण हे बिऱ्हाड गप्प बसून राहिलं.

सणाच्या आदल्या दिवशी तिनं माझ्या हातात सुरी दिली. आईंना विचारल्याशिवाय हे कसं करायचं, असं मनात आलं होतं. पण सगळी ओटी माझ्याकडे बघत होती, आणि मी कापला. लगेच वाद्यं सुरू झाली. मला नाचवलं. मी दारूही प्यायले. आई, मला बरं वाटलं. हेच तुम्हाला कळवायचं होतं, आणि हेच कळवायची भीती वाटते.

पंधरा तारखेपर्यंत मी खोपोलीला पोचेन. रागवा, पण लिहा. लोभ आहे तो रागातही असू द्यावा.

तुमची सून,
नम्रता


कडाव
२३ जून

चि. नम्रतास चंद्राबाईचा आशीर्वाद.

पत्र मिळालं. परदेशाचा शिक्का बघून पोस्टमन दारातच बसला, काय लिवलंय ते ऐकायला. चहा पाजून घालवला. शेजारच्या सुंदराला वाचून दाखवताना तुझं दारूचं तेवढं गाळलं. नाय तर तिनं ते कर्जतच्या बाजारापर्यंत पोचवलं असतं. आमी बरं हाय. रोपं चांगली हायत, लावणीला माणूस मिळत नाय.

आता मनातलं लिवते. गाठोडं त्या बाईचं, तिनं बांधलं, तू सोडलंस. त्यात मी काय बोलू. पण माझं काय गं? मला तर त्याचं तोंड बघाया मिळालं नाय. घरात एक तांब्या आला. दहावं केलं, तेरावं केलं, ज्यानं जे सांगितलं ते केलं. माझ्या हातात कुणी सुरी दिली नाय, आणि दिली असती तरी मी कापलं नसतं. तुला बरं वाटलं तर वाटू दे, तुझं वय हाय. मला बरं वाटाया नको.

गाठोड्यात काय होतं ते तू लिवलं नायस. त्याचं काय असंल तर मला आणून दे. एखादा सदरा. धुऊ नको.

आणि एक इचारते, खरं लिव. ऋषी त्या बाईला काय म्हणून हाक मारायचा?

जिवाला जप. मी रागावले तरी तुझीच हाय.

चंद्राबाई


खोपोली
३० जून

ती. आईंना,
सा. न. वि. वि.

गाठोड्यात ऋषिकेशचं काही नव्हतं. सगळं लायांगच्या आईचंच होतं: सणाला घालायचे मणी, चांदीचा कंबरपट्टा, हातानं विणलेलं एक वस्त्र. तो गेला तेव्हा तिनं ते बांधून ठेवलं. गाठोडं सोडल्यावर तिनं पट्टा घातला तर तो कमरेवर राहीना. लायांगनं मागून पिन लावली. सदऱ्यासाठी मी तिथे आधीच विचारलं होतं. त्याच्या खोलीतले कपडे खोली रिकामी करताना कुणीतरी वाटून टाकले. सापडले नाहीत.

हाकेबद्दल. हा परिच्छेद मी पुन्हा पुन्हा खोडला. तुम्ही खरं मागितलंत. तो तिला इंडाई म्हणायचा. त्यांच्या भाषेत आई. त्या वयाच्या बाईला तिथे सगळेच तसं म्हणतात, हेही खरं. पण ते सांगून मी आधीचं वाक्य मऊ करू बघते आहे का, हे माझं मला कळत नाही. मीही तिला तसंच म्हटलं.

निघताना तिनं लायांगकरवी मला एकच विचारलं: "त्याची आई जेवते का?"

मी हो म्हटलं. ते खरं होतं का, ते तुम्हालाच ठाऊक.

आशीर्वाद राहू द्यावा, मागायचा हक्क उरला असेल तर.

नम्रता

(स्वतःसाठी) उद्या: हे टपालात टाकायचं नाही. कडावला जाऊन आईंच्या हातात द्यायचं आणि त्यांचं वाचून होईपर्यंत समोर बसायचं.