लेफ्टेरीसचं नाव

अमोर्गोस,
१६ ऑगस्ट १९७७

ती. क्लिओताईस,
सा. न. वि. वि.

मरियामातेचा सण कालच झाला आणि सासूबाईंनी लगेच सामान बांधायला काढलं. आम्हाला पिरेअसला निघायला अजून एकोणीस दिवस आहेत गं बाई! बेटावर वारा असा सुटलाय की बाळाची दुपटी शेजाऱ्यांच्या अंजिरावर जाऊन बसतात. मला एका जागी चैन नाही, आणि कारण तुला ठाऊक आहे.

अठ्ठावीसला बाप्तिस्मा. नऊ महिने आम्ही बाळाला नुसतं बाळ म्हणतोय, पण मामंजींनी गावभर सांगून टाकलंय की पहिला नातू, म्हणजे आजोबांचंच नाव, झानिस. तुमच्याकडचं नाव दुसऱ्याला ठेवा म्हणतात. दुसरा कुठून आणू? डॉक्टरांनी साफ नाही म्हणून सांगितलंय. आणि आमचे स्ट्रातिस बापापुढे मूग गिळून बसलेत.

ताई, बाळाची धर्ममाता तू. पाद्री नाव विचारणार ते तुला, आणखी कुणाला नाही. तू लेफ्टेरीस म्हण. आपल्या भावाची बोट बुडून तीन वर्षं झाली, त्याचं नाव तरी घरात फिरू दे. एकदा उच्चारलं की मामंजी काय करणार?

लोभ आहेच, या खेपेला जरा जास्त असू दे.
तुझी, एवांथिया

पिरेअस,
२० ऑगस्ट

चि. सौ. एवास,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी तू माझ्या हाताने बरणीतला मुरांबा काढवायचीस, तशीच राहिलीस! तुझा सासरा मला परतीच्या बोटीवर जिवंत चढू देईल का, याचा काही विचार? बरं, म्हणेन. तेल, मेणबत्ती, पांढरे कपडे, सगळं घेऊन ठेवलंय.

आईला अजून बोलले नाही. परवाच तिने लेफ्टेरीसचा कोट उन्हात घातला, कसर लागू नये म्हणून. देह मिळाला नाही ना. तिच्या लेखी तो कुठल्याशा बंदरात अडकलाय, इतकंच. मला सारखी धाकधूक वाटते. वारा पडला तर शनिवारी पोचते.

बाळाला पापे. तुझी, ताई

पिरेअस,
३० ऑगस्ट

एवा,

तू मला सोडायला धक्क्यावर आली नाहीस. बोलावं लागेल म्हणूनच ना?

तिकडे निघताना मी आईला सगळं सांगितलं होतं. वाटलं, खूश होईल. ती भांडी घासत होती. हात तसेच ठेवून म्हणाली की जिवंत मामाचं नाव कुणी भाच्याला देतं का, दिलंस तर तूच त्याला पुरलंस असं समजेन. तरी मी ठरवूनच आले होते. तेल माखलेलं बाळ हातातून निसटत होतं. पाद्र्याने विचारलं. मी तोंड उघडलं आणि तेव्हा कळलं, एकट्या आईच्याच नाही गं, माझ्या लेखीही तो मेलेला नाही. मी झानिस म्हटलं.

माफी मागत नाही. शिव्या दे, पण लिही.
ताई

अमोर्गोस,
२ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न.

हे पत्र आणि मी बहुतेक एकाच बोटीने येऊ. तोंडावर बोलता यायचं नाही, म्हणून लिहिते.

नाव ठेवेपर्यंत बाळाच्या आईने आत यायचं नसतं, म्हणून मी चर्चबाहेर मुठीत नाणी धरून उभी होते. नाव सांगायला पोरं धावत सुटली ती झानिस, झानिस ओरडतच. मी नाणी वाटली, हसलेसुद्धा. मग गोठ्यामागे जाऊन तुला अशा शिव्या घातल्या की शेळ्या लाजल्या असतील. मामंजी मात्र नाचले, पडले, उठून पुन्हा नाचले.

मला दिवसातून शंभरदा ती हाक मारायची होती. तू ती काढून घेतलीस, आणि आता ती परत मिळायची नाही. हे मी विसरणार नाही, ताई.

पण काल बोट लागली. आमच्याकडे कुणी यायचं नव्हतं. तरी झानिसला कडेवर घेऊन मी उतरणीवरून धावत खाली गेले, आणि शेवटचा माणूस उतरेपर्यंत एकेकाचं तोंड बघत उभी राहिले.

आईला नमस्कार. राग आहे, लोभही आहे. दोन्ही राहू दे.
तुझी, एवा