संध्याकाळची गोळी

अमरावती,
२८ ऑक्टोबर २०२५

आदरणीय आईस,
पायलचा सप्रेम जयभीम. वि. वि.

सुट्टी संपवून सुखरूप पोचले. तू दिलेला चिवडा रूमवर पोचताच अर्धा झाला. माझी रूममेट प्राजक्ता दर्यापूरची आहे, लॅब टेक्निशियनचा कोर्स करते. ती म्हणते, तुझी आई माणसं मारायला निघाली आहे काय, इतकं तेल!

पत्र अशासाठी की फोन केला की बाबा स्पीकर लावतात, आणि मग माझं बोलणं तुझ्यापर्यंत पोचायच्या आत त्यावर चार जणांची मतं येतात. हे फक्त तुझ्यासाठी आहे.

आई, या सुट्टीत मी घाबरले. तुझे पाय सुजलेले, दवाखान्यातला शुगरचा आकडा तसा, आणि तू मात्र शेजारून आलेला प्रत्येक अनारसा कोणाचं मन कशाला मोडायचं म्हणून खातेस. गोळ्या तर आठवल्या तर घेतेस. मी या घरातली पहिली पदवीधर. माझ्या शिकण्याचा तुलाच उपयोग झाला नाही तर ती पदवी भिंतीवर टांगून काय करू? म्हणून यापुढे माझं ऐकायचं. साखर-गूळ घरातून बाहेर. सकाळी फिरायला जायचं, त्यासाठीच बूट ठेवून आले आहे. आणि गोळी सकाळची असो की संध्याकाळची, काहीही झालं तरी एकही चुकवायची नाही. शेजारच्या शकुनमावशीलाही सांगून आले आहे, तुझ्यावर लक्ष ठेवायला.

नियम फक्त तुला नाहीत. मी काम करते त्या क्लासच्या ऑफिसात ॲडमिशनला येणाऱ्या मुलींच्या आया मला आधी डोक्यापासून पायापर्यंत बघतात, मग फी विचारतात. म्हणून मी केस खांद्यापर्यंत कापले (रागावू नकोस), दोन साधे कुर्ते शिवले, रोज इस्त्री करते. बटाटेवडाही सोडला. तूही ती जांभळी साडी पेटीतून काढ. नीटनेटकं राहणं म्हणजे मिरवणं नाही, स्वतःला किंमत देणं आहे.

स्वप्निलला अभ्यास कर म्हणावं. बाबांना जयभीम. तुझी माया आहे तशीच राहू दे, रागासकट.

तुझी,
पायल

⁂

बार्शीटाकळी,
९ नोव्हेंबर २०२५

चि. पायल हिस,
आईचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र भेटलं. स्वप्निल म्हणे मी वाचून दाखवतो. मी म्हटलं, माझ्या नावाचं हाय, माझी सातवी काही वाया गेली नाही. दोनदा वाचलं. केस कापले ते वाचून एकदा रडली, मग म्हटलं जाऊ दे, वाढतीन.

तुझे बूट घालून मी रोज सकाळी शाळेच्या मैदानापर्यंत फिरून येऊन राहिली. पहिल्या दिवशी शकुन दारात उभी राहून सगळ्या गल्लीले ऐकू जाईल असं म्हणे, पंचफुला पोलिसात लागली काय वो! जांभळी साडी नेसली तर तुझ्या बाबानं आधी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं, मग हळूच इचारलं का लग्न कोणाचं हाय. साखरेचा डबा शकुनकडे देऊन टाकला. बाबाले बिनसाखरेचा चहा घशाखाली उतरत नाही, ते आता तिच्याच घरी जाऊन पितात.

आता एक सांगतो, पण फोनवर काढू नको. कार्तिक पौर्णिमेले मी विहारात अष्टशील घेतलं, दर पौर्णिमेले घेतो तसं. दुपारी बाराच्या आत जेवली, मग दुसऱ्या दिवशीपर्यंत अन्न नाही. दागिना, काजळ, अत्तर तेही नाही, म्हणजे तुझी फॅशन एक दिवस बंद. आधी अशा दिवशी मी संध्याकाळची गोळी घेतच नव्हती. तू लिहिलं एकही चुकवू नको, म्हणून पाण्यासंगं घेतली. मग वंदना चालू असताना हातपाय कापायले लागले. घाम असा का ब्लाउज भिजून गेला. इतक्या वर्षांपासून तोंडपाठ असलेली गाथा मधेच विसरली. बाजूच्या बायकांचे तोंडं हलून राहिले होते आणि मले आवाज दुरून येऊन राहिला होता. भिंतीले टेकून बसली. कोणाले सांगितलं नाही. रात्री वाटलं, आता सकाळ आपल्याले दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी भाकर खाल्ली आणि बरं वाटलं. तू भिऊ नको. बाबाले सांगशील तर ते माझं विहारात जाणं बंद करतीन.

जिवाले जपजो. माय आठवली तर दोन ओळी लिहजो.

तुझी आई,
पंचफुला

⁂

अमरावती,
१५ नोव्हेंबर २०२५

आदरणीय आईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. भिऊ नको असं लिहून तू मला सगळ्यात जास्त घाबरवलंस. ऑफिसात आज एका मुलीच्या फॉर्मवर तिच्या आईच्या नावाच्या जागी मी पंचफुला लिहून बसले.

मी मोबाइलवर खूप वाचलं. थकवा, घाबरल्यासारखं होणं, डोकं सुन्न होणं, हे सगळं शुगर वाढल्यावर होतं असं लिहिलं आहे. खरं सांग, पौर्णिमेला दुपारी दानाची खीर खाल्ली होतीस ना? एक वाटी म्हणून खाल्ली असशील. तीच भोवली. आता यापुढे पातळी आणखी खाली आणू. रात्रीची भाकरी अर्धी कर. मी शकुनमावशीला फोन करून बजावलं आहे की तुझ्या तोंडाला गोड लागू द्यायचं नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी, आणि तू स्वतः मागितलंस तरी.

आणि डॉक्टरांकडे जा. या आठवड्यातच. मला अक्षरशः स्वप्न पडतं की तू विहाराच्या भिंतीला टेकून बसली आहेस आणि मी दारातून हाक मारते आहे, पण तू बघत नाहीस.

बाबांना सांगणार नाही, पण हे वचन मला जड जातं आहे. लवकर लिही. तुझ्या एका ओळीवर माझा दिवस जातो.

तुझी,
पायल

⁂

बार्शीटाकळी,
२४ नोव्हेंबर २०२५

चि. पायल हिस,
आईचा जयभीम आणि आशीर्वाद.

दवाखान्यात जाऊन आली. सकाळी उपाशीपोटी रक्त दिलं. डॉक्टर लय खूश झाले, म्हणे आकडा चांगला खाली आला, काय केलं बाई? मी म्हटलं, पोरीनं केलं. तुझे बाबा बाजूले छाती फुगवून उभे होते, जसं यायनंच केलं. त्यायच्यासमोर हातपाय कापल्याचं सांगायची हिंमत झाली नाही. डॉक्टर म्हणतीन हृदयाचं हाय, नागपूरले न्या, मोठ्या मशीनमध्ये घाला. मग घर कोण पाहीन?

खीर मी खाल्ली नव्हती, पायल. आईवर आळ घेते काय? पण तू म्हणतं तशी अर्धी भाकर करून राहिली. शकुन तर पहारेकरी झाली हाय. परवा सोनपापडीचा तुकडा माझ्या हातातून काढून स्वतः खाऊन गेली, वरून म्हणे तुझ्यासाठी जीव धोक्यात घातला!

एरवी बरं हाय. फक्त दिवस मावळायले लागला का मनात धाकधूक होते. चूल पेटवताना स्वतःचे हात पाहतो, कापून तर नाही राहिले. चार डिसेंबरच्या पौर्णिमेले वंदना मीच घेणार हाय, बायकांनी ठरवलं. पांढरी साडी धुऊन ठेवली. बावीस वर्षांपासून त्या रांगेत बसतो, पण पुढं बसायचा मान पहिल्यांदा भेटला. मागच्या खेपेसारखं सगळ्यांसमोर झालं तर, याचं भेव वाटते. मरायचं नाही तितकं.

जेवण वेळेवर करजो. बारीक होऊ नको, केस तर कापलेच.

तुझी आई,
पंचफुला

⁂

अकोला, दवाखान्यातून,
५ डिसेंबर २०२५

आदरणीय आईस,
सप्रेम जयभीम.

तू समोर झोपली आहेस आणि मी तुला पत्र लिहिते आहे. हाताला सलाइन आहे. खिडकीतून ऊन तुझ्या पायांवर आलं आहे. सिस्टर म्हणाल्या, धोका टळला. मी तीनदा विचारून आले.

तुला काही आठवणार नाही, म्हणून लिहून ठेवते. तुझं पत्र मला कालच मिळालं. डॉक्टर आकडा चांगला म्हणतात आणि तरी तुला भीती वाटते, हे मला जुळेना. म्हणून तुझी दोन्ही पत्रं प्राजक्ताला वाचून दाखवली. चेष्टा सोडून तिनं पहिलं पत्र परत वाचायला लावलं. तिनं विचारलं की त्या दिवशी आई गोळी घेऊन जेवली नव्हती का? मी म्हटलं, बारानंतर जेवत नाही. ती म्हणाली, मग शुगर वाढली नाही, एकदम पडली होती. ती गोळी पोटात अन्न नसताना घ्यायचीच नसते. घाम, कापरं, विसरणं, सगळं त्याचंच. मग तिनं विचारलं की पौर्णिमा पुन्हा कधी आहे? आई, पौर्णिमा त्याच दिवशी, कालच होती. दिवस मावळला होता.

बाबांना, स्वप्निलला, शकुनमावशीला, सगळ्यांना फोन लावत राहिले. वंदनेला बसताना सगळे फोन बंद करतात, हे मला माहीत होतं, तरी लावत राहिले.

पुढचं शकुनमावशीनं रडत रडत सांगितलं. वंदना घेता घेता तुझा शब्द अडखळला. तू भलतंच बोलायला लागलीस, मावशीला माझ्या नावानं हाक मारलीस. समोर खिरीचं पातेलं होतं, इतरांसाठी. तू स्वतः हात पुढे केलास. आई, तुझ्या शरीराला कळत होतं. कोणीतरी वाटी तुझ्या ओठांपर्यंत आणलीही होती. मावशीनं ती काढून घेतली. पोरीनं बजावलं आहे म्हणाली, मागितली तरी द्यायची नाही.

ती बाहेर बाकावर बसली आहे, आत यायला तयार नाही. मी तिला सांगितलं की तिचा काही दोष नाही, तिनं माझं ऐकलं. तूही माझंच ऐकलंस. तुम्ही दोघींनी इतकं नीट ऐकलं की तू गेली असतीस.

मी तुला यापुढे काही सांगणार नाही. कपड्यांचं नाही, खाण्याचं नाही. डॉक्टर सांगतील तेवढंच कर. बाबा बाहेर डॉक्टरांशी बोलत आहेत. तू डोळे उघडलेस की मी कसं बघू तुझ्याकडे?

तुझी,
पायल

⁂

बार्शीटाकळी,
५ जानेवारी २०२६

चि. पायल हिस,
आईचा जयभीम आणि आशीर्वाद.

तुझं दवाखान्यातलं पत्र मी घरी येऊन वाचलं. उत्तर द्यायले महिना लावला, कारण काय लिहावं ते सुचून नव्हतं राहिलं. तू फोनवर आता निसतं जेवली काय, झोपली काय इतकंच इचारतं. परक्या बाईसारखं.

परवा पौर्णिमा होती. डॉक्टरांनी बजावलं होतं का गोळी चालू हाय तोवर पोट रिकामं ठेवायचं नाही, आणि साखरेची पुडी संगं बाळगायची. विहारातल्या भन्तेजींले इचारलं तर ते म्हणे, आजारी माणसानं पंचशील घ्यावं आणि वेळेवर जेवावं, यात कमीपणा नाही. पण मले कमीपणा वाटला, पायल. सकाळी अष्टशीलवाल्या पांढऱ्या साड्यांची रांग बसली आणि मी जांभळ्या साडीत मागं, सुनाबाळींमध्ये. मान वर होत नव्हती.

संध्याकाळी मी विहाराच्या ओट्यावर डबा काढून भाकर खायले बसली. तेवढ्यात मायाकाकू बाजूले येऊन टेकली. तुले माहीत हाय, सत्तरीची झाली, पण पौर्णिमेचा एक उपोसथ, म्हणजे अष्टशीलाचा उपास, सोडत नाही. मले वाटलं टोमणा मारायले आली. ती माझ्या डब्याकडे पाहून हळूच म्हणे, पंचफुला, तुले झालं ना, तसं मलेही होते वं. मी समजे म्हातारपण आलं. मी तिचा हात धरला. थंडगार, ओला. इचारलं, काकू, गोळी घेतली काय? ती म्हणे, हाव, मघाशीच बाजूच्या चिमणरावाच्या घरी पाण्यासंगं घेऊन आली.

मले तेव्हा जे भेव वाटलं, ते माझ्यासाठी कधी वाटलं नव्हतं. पुडी काढून तिच्या तोंडाशी नेली तर तिनं तोंड फिरवलं. शील घेतलं हाय, म्हणे, उद्या सकाळी खाईन. मी समजावलं, हात जोडले. ती ऐके ना, आणि तिची मान डुलायले लागली. मग मी ओरडली. भर विहारात, वंदना चालू असताना, गळा फाडून ओरडली का ही मरते, हिले खाऊ घाला. वंदना थांबली. भन्तेजी स्वतः उठून आले, तिच्यासमोर बसले आणि म्हणे, काकू, मी सांगतो, घ्या. तेव्हा तिनं तोंड उघडलं. साखर घेतली, मग माझी उरलेली भाकर खाल्ली. खाता खाता रडून राहिली होती. थोड्या वेळानं थरथर थांबली आणि तिनं पहिलं काय म्हणावं? म्हणे, भाकर कडक झाली तुझी.

मग पांढऱ्या रांगेतून एक एक बाई सरकत आली. कोणाच्या कमरेले गोळी बांधून, कोणाच्या चष्म्याच्या डबीत. शकुनची नणंद तर दोन वर्षांपासून कापून राहिली हाय, नवऱ्यालेही माहीत नाही. आमी सगळ्या बाजूबाजूले बसून भिऊन राहिलो होतो.

एकवीस तारखेच्या बुधवारी आमी सात जणी जीप करून अकोल्याले डॉक्टरकडे चाललो. कोणाले गोळीचं नाव वाचता येत नाही, कोणाले डॉक्टरसमोर बोलता येत नाही. मी पुढं होईन, पण एकटीनं जमत नाही. तू लिहिलं का यापुढं काही सांगणार नाही. असं करू नको. चुकलं तर चुकलं, पण गप्प बसू नको, माय. गप्प तर मीही बसली होती, त्यानं काय झालं ते तुले माहीत हाय. सुट्टी घेऊन ये. प्राजक्ताले संगं आण, तिच्यासाठी कमी तेलाचा चिवडा करतो.

बुधवारी सकाळी अकोल्यात जठारपेठेत उतरजो. आमी तिथंच उभ्या राहू.

वाट पाहणारी,
तुझी आई,
पंचफुला