बाबांनी घेतलेला पवित्रा

लोटे,
दसऱ्याच्या आधी

प्रिय बकुळे,

तुझं पत्र नारळी पौर्णिमेच्या सुमारास आलं आणि मी उत्तराला बसलोय तो आता, दसरा तोंडावर आल्यावर. रागावू नको. अर्धा दोष माझ्या आळसाचा, पण अर्धा तुझ्या मराठीचा आहे. आपण सख्खी भावंडं, पण तू सातवी पास, मी चौथीतून खिडकीवाटे पास. तू लिहिलंस, 'होडी अजून वरच आहे, खलाशी दुसरीकडे गेले, बाबांनी पवित्रा घेतलाय, तू लगेच ये.' मी वाचलं आणि म्हटलं, चला, म्हातारा माळकरी झाला! पवित्र झाला म्हणजे पवित्रा घेतला, एवढंच माझं व्याकरण. गळ्यात माळ आली, मासळी सुटली, म्हणून होडी वाळूत. 'लगेच ये' म्हणजे प्रसादाला ये. मग घाई कशाला करू?

इथे मी सोनूबाईंच्या खानावळीच्या माळ्यावर राहतो आणि दिवसा एका कंपनीत पिंपं चढवतो-उतरवतो. त्याआधी आंजर्ल्याला होतो, कड्यावरच्या गणपतीपाशी नारळ विकत. तिथे एका माकडाने माझी टोपी घालून गिऱ्हाईक केलं होतं, ते भेटल्यावर सांगेन. तर काय सांगत होतो? पवित्रा.

सोनूबाईंचे भाऊ भागोजीमामा गिरणी बंद पडल्यावर मुंबईहून गावी आलेत. गणपतीच्या मिरवणुकीसाठी ते संध्याकाळी पोरांना लाठी शिकवायचे. नवं काही दिसलं की माझे पाय घरात राहतात होय? गेलो. मामांनी रांगेत उभं केलं आणि ओरडले, "पवित्रा घे!" मी काठी बगलेत मारली, डोळे मिटले आणि हात जोडले. बकुळे, अख्खी रांग लोळली. मामा म्हणाले, "मेल्या, देवळात आलायस काय? थांब, तीर्थ आणतो!" अजून मला इथे बाबल्याबुवा म्हणतात.

मग त्यांनी काठीने माझे पाय लावले. एक पुढे, एक मागे, गुडघे सैल, भार खाली. मी छाती काढून ताठ झालो तर पोटरीवर फटका. "पवित्रा म्हणजे पुतळा नाय रे. पुतळ्याच्या डोक्यावर कावळे बसतात. पवित्रा घेतात तो हलायसाठी. समोरचा कुठून येतो ते बघायचं, आणि मग हलायचं."

तसा उभा राहिलो आणि माझे पायच म्हणाले, हे तर आम्हाला येतं. आठवतं तुला, बाबा मला पहिल्यांदा सुकाणूपाशी घेऊन गेले ते? मांडवी बंदराच्या बाहेर जरा लाट लागली आणि मी खांबासारखा ताठ. बाबा मागून ओरडत होते, "गुडघे सोड, बाबल्या! ताठ राहील तो पाण्यात जाईल!" लहानपणी मला वाटायचं, हा माणूस जमिनीवरसुद्धा झुलत का उभा राहतो? देवळात गेला तरी पाय फाकलेले, जसं काय देऊळच हलतंय.

शब्द कळल्यापासून तो मला जिथे तिथे भेटतो. भजीच्या कागदावर वाचलं, 'कामगारांचा आक्रमक पवित्रा.' म्हटलं, आता कळलं. सोनूबाई पळी घेऊन मांजराच्या समोर उभ्या राहतात, तोही पवित्रा, आणि मांजराचाही. सोनूबाई म्हणाल्या, "तुला पवित्रा आला रे, बैठक मात्र नाय. बूड म्हणून टेकत नाय तुझं कुठे." बैठकीचेही किती अर्थ बघ. पण ते राहू दे.

तर तुझ्या पत्राचा खरा अर्थ मला हातात काठी असतानाच उलगडला. शिमग्याला मी घर सोडलं तेव्हा बाबा म्हणाले होते, "तू सुकाणू धरल्याशिवाय ही होडी पाणी बघणार नाय." मी म्हटलं होतं, "मग वाळूतच राहू दे." मला वाटलं, रागाचं बोलणं, होईल थंड. तर ते बोलले तसेच उभे राहिलेत! आणि हंगाम चाललाय, तू नि आये दुसऱ्यांच्या होडीची मासळी पाटीत घेऊन बाजारात बसताय. पण मामांचं म्हणणं खरं असेल तर बाबा हट्टाला पेटलेले नाहीत. मी कुठून येतो ते बघत थांबलेत.

म्हणून हे पत्र. बाबांना सांग, बाबल्या दसऱ्याला येतोय. होडीवर झाकलेल्या झावळ्या काढून तिला तेल लावून ठेवा. हा हंगाम सुकाणूला मी उभा राहीन, आणि मला ते जमेल, त्याची काळजी नको. पुढच्या शिमग्याला पाय कुठे नेतील ते मात्र मी आज कबूल करणार नाही. हेही सांग. सांगशील ना? माझ्याने त्यांच्या तोंडावर

थांब. खालून सोनूबाई ओरडतायत, "बाबल्या, कोण म्हातारा आलाय बघ, दारात नुसता झुलतोय!" फटीतून बघितलं. बाबा आहेत गं! पाय फाकलेले, गुडघे सैल, हातात पिशवी, आणि सुक्या बोंबलाचा वास पार माळ्यावर आलाय. माळ घेतलेली नाही, एवढं नक्की. त्यांनी पाय हलवला, आता पाळी माझी. सगळं मलाच सांगायला लागणार. पत्र पोस्टात टाकत नाही, आम्हीच घेऊन येतो.

गुडघे सोडून जिना उतरणारा,
तुझाच
बाबल्या